बुंदीचं टाइमटेबल (कामाच्या नोंदी)

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार
हॅमस्टर आला. भाचीला वाढदिवसाला कोणीतरी दिला होता, ताईला शिंका सुरू झाल्या, मग मामा आहेच. सोबत एक गुलाबी तारेचा पिंजरा, फूटभर लांब, त्यात हाताच्या पंजाएवढं चाक, खाली लाकडाचा भुसा आणि एक पाण्याची बाटली जी गळते. रंग सोनेरी-केशरी म्हणून भाचीने नाव ठेवलंय बुंदी, दुकानदाराने नर म्हणून सांगितलंय. आई दारातच म्हणाली, "फुकट मिळाला म्हणून उंदीर घरात घ्यायचा का?"

माझी सेकंड शिफ्ट, दुपारी २ ते रात्री ११. त्यामुळे ठरवलं की रोज २० मिनिटांत बसेल असं रूटीन बनवायचं आणि इथे लिहीत जायचं, ऑफिसात प्रत्येक गोष्टीचा लॉग ठेवतोच तसा. एक्सेल शीट उघडली. कॉलम: खाणं, पाणी, साफसफाई, खेळ, शेरा.

१७ फेब्रुवारी
प्लॅन एक. सकाळी ८ ला उठवायचं, खायला द्यायचं, पिंजरा साफ, १० मिनिटं हातात घेऊन खेळ. उठवलं. चावला. शेरा: चावला.

१९ फेब्रुवारी
तीन दिवस तेच चाललंय. आज नीट रक्त आलं. चूक माझीच, तासभर नेटवर वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला की सकाळी ८ म्हणजे त्याची मध्यरात्र, मला कोणी पहाटे ३ ला पांघरूण ओढून बाहेर काढलं आणि वर त्याच्या बोटांना चिवड्याचा वास येत असला तर मीपण चावलो असतो. आता हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे आणि मगच आत घालायचे.

वाचताना एक मजेशीर गोष्ट सापडली. २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी तुर्कस्तानात रानातल्या सोनेरी हॅमस्टर माद्यांवर लक्ष ठेवलं तर त्या दिवसाउजेडी बाहेर पडत होत्या, रात्री नाही. आणि घरातले सगळे रात्रीचे. का ते कोणालाच नक्की माहीत नाही. पण आपला रात्रीचा आहे आणि मीपण रात्रीचा आहे, मी ११:४५ ला घरी येतो तेव्हा हा नुकता फॉर्मात आलेला असतो. प्लॅन दोन: सगळं रात्री १२ ला.

२३ फेब्रुवारी, रविवार
मोठं काम झालं. मित्राकडे गळका फिश टँक पडून होता, ४ फूट बाय दीड फूट, तो रिक्षात आडवा टाकून आणला (रिक्षावाले काका म्हणे मासे कुठंयत). वरच्या झाकणाला फॅब्रिकेटरकडून बारीक जाळी मारून घेतली, म्हणजे हवा येते.

भुसा पूर्ण बाद. वखारीतला भुसा म्हणजे बहुतेक चीडच (पाइनचं लाकूड), त्या वासाने आणि धुळीने यांच्या श्वासाला त्रास होतो. त्याऐवजी कागदाचं बेडिंग आणि सुकं गवत, एका बाजूला १० इंच खोल आणि दुसऱ्या बाजूला ३-४ इंच. दहा इंच ऐकून आई म्हणाली गादी भरतोयस का. पण हे प्राणी मुळात सीरियातल्या अलेप्पोकडचे, १९३० साली आहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली, आज जगभर घरांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत ते जवळजवळ सगळे त्याच कुटुंबाचे वंशज. म्हणजे खणणं रक्तात आहे. बर्न विद्यापीठाने २००६ ला १०, ४० आणि ८० सेंटीमीटर बेडिंगवर हॅमस्टर ठेवून बघितले होते, सगळ्यात कमीवाले गज जास्त चावत होते. आपला जुन्या पिंजऱ्यात रात्रभर कट्-कट्-कट् करायचा, मला वाटायचं दात घासतोय.

चाक ११ इंची मागवलंय. जुन्या चाकात पळताना पाठ केळ्यासारखी वाकायची.

रात्री १ वाजता टँकमधे सोडला. आधी कडेकडेने पूर्ण चक्कर मारली, मग खोल बाजूला गेला, दोन मिनिटं पुढच्या पायांनी उकरलं, मागच्या पायांनी ढकललं, आणि गायब. नुसतं बेडिंग हलताना दिसत होतं. मी २ वाजेपर्यंत बसून होतो, काहीही न घडणाऱ्या टँककडे बघत.

२६ फेब्रुवारी
वजनाचा कॉलम वाढवला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर प्लास्टिकचा मग आडवा, शून्य करायचं, मगात दोन सूर्यफुलाच्या बिया, तो आपणहून आत जातो, उभा करायचा, आकडा बघायचा. १०८ ग्रॅम. दर बुधवारी. एवढ्याशा प्राण्याला काय होतंय ते तोंडावरून कळत नाही, वजनावरून कळतं. आई म्हणाली तो मग आता परत स्वयंपाकघरात आणायचा नाही.

२ मार्च, रविवार
घोळ. आठवड्याची साफसफाई म्हणून मी उत्साहात सगळं बेडिंग फेकलं, टँक साबणाने घासला, उन्हात वाळवला, नवं कोरं भरलं. स्वतःवर खूष. रात्री बुंदी वेड्यासारखा फिरतोय, कोपऱ्याकोपऱ्यात कंबर घासतोय, खात नाहीये, बीळ करायलाच तयार नाही. मग कळलं की यांच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना वासाच्या ग्रंथी असतात, घर म्हणजे त्यांच्यासाठी वास. मी एका दुपारीत त्याचं घर पुसून टाकलं आणि वर लिंबाच्या वासाचा साबण लावला. कचऱ्याच्या पिशवीतून जुन्या बेडिंगचा जेवढा सुका भाग सापडला तेवढा परत आणून मधे टाकला. आईने हे बघितलं. काही बोलली नाही, जे जास्त वाईट.

नवीन नियम: रोज फक्त ओला कोपरा काढायचा, आणि महिन्या-दीड महिन्याने बेडिंग बदलायचं तेही एकतृतीयांश. टँक घासायचा नाही.

३ मार्च
खातोय. शेपटीखाली पांढरं चिकट काहीतरी दिसलं, बेडिंगचा कागद चिकटला असेल.

७ मार्च
कागद नव्हता. आज परत तसंच, घट्ट पांढरट, आणि एक उग्र वास. नेटवर शोधलं आणि माझी चांगलीच टरकली, एकीकडे वेट टेल म्हणून जुलाबाचा रोग, लहान हॅमस्टर दोन-तीन दिवसांत जातात त्यात, दुसरीकडे गर्भाशयात पू. पण गर्भाशय? हा नर ना? उद्या डॉक्टर.

८ मार्च
पुण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण हॅमस्टर म्हणल्यावर पहिल्या दोन ठिकाणी "आम्ही ते बघत नाही". तिसऱ्या डॉक्टरांनी बघितलं. उलटा केला, पाच सेकंद, म्हणाल्या, "ही मुलगी आहे." मग विचारलं खाते का, पळते का, रक्त दिसलं का, असं किती दिवसांनी झालं. मी मोबाइलवर शीट उघडली: ३ आणि ७. त्या हसल्या, म्हणाल्या यांचं चक्र चार दिवसांचं असतं, दर चौथ्या दिवशी माज येतो आणि दुसऱ्या सकाळी असा स्राव दिसतो, दोन्ही नॉर्मल. पू असता तर खाणं सुटलं असतं, मलूल झाली असती, वास कुजका असता आणि तो असा तारीख बघून आला नसता. "११ ला परत दिसेल, लिहून ठेवा. नाही दिसला, किंवा रोज दिसला, तर या."

भाचीला फोन करून सांगितलं की बुंदी मुलगी आहे. ती म्हणाली, "मामा, मला माहीत होतं."

११ मार्च
दिसला.

१५ मार्च
दिसला. मधे काल धुळवड होती, खाली डीजे, टँकवर चादर टाकून ठेवली तरी दिवसभर बिळातून बाहेर नाही. आज रात्री १ ला चाकावर पळताना दिसली आणि जीव भांड्यात पडला.

१९ मार्च, बुधवार
परत दिसला. वजन ११७. कॉलम वाढवला: "चौथा दिवस". आता मला ऑफिसचा सर्व्हर कधी डाउन होणार ते सांगता येत नाही पण हिचं सांगता येतं.

खाण्याबद्दल एक. वाटी रोज रिकामी व्हायची म्हणून मला वाटायचं हिला कमी पडतंय, वाढवत गेलो. आज खोल बाजूला काचेतून बघितलं तर खाली चक्क कोठार, ज्वारी एकीकडे, भोपळ्याच्या बिया एकीकडे, सूर्यफुलाच्या सगळ्यात आत. गालाच्या पिशव्या खांद्यांपर्यंत जातात यांच्या, वाटी रिकामी म्हणजे पोट भरलं असं नाही, फक्त सामान हललं. आता वाटी बंद. रोज दीड चमचा मिक्स (ज्वारी, राळं, नाचणी, जवस, आणि पॅकेटातलं तयार खाद्य जेणेकरून प्रोटीन सुटू नये) सगळ्या टँकभर भिरकावायचं, शोधत बसते तासभर. सूर्यफूल फक्त मगात चढायचं बक्षीस म्हणून. ताजं म्हणजे नखाएवढी काकडी नाहीतर ब्रोकोलीचा तुरा, आठवड्यातून दोनदा मोड आलेले मूग चार-पाच, रविवारी उकडलेल्या अंड्याचा कण. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय, कच्चा बटाटा, चॉकलेट कधीच नाही, हे फ्रिजवर चिकटवलंय कारण आईला कोणालाही उपाशी बघवत नाही, आणि तिच्या हिशोबाने सगळेच उपाशी असतात.

२३ मार्च, रविवार
वाळूची आंघोळ. पाण्याने यांना कधीच अंघोळ घालायची नसते, वाळूत लोळून स्वतःची फर साफ करतात. पावडरसारखी बारीक धूळवाली नको, ती फुप्फुसात जाते, खरी दाणेदार वाळू पाहिजे. शेजारच्या बिल्डिंगच्या कामावरून मुकादमाला विचारून डबाभर आणली, आठ पाण्याने धुतली, गच्चीवर वाळवली, चाळली, आणि मग जुन्या लोखंडी कढईत भाजली. आईने वास आला म्हणून डोकावून बघितलं, "दाणे भाजतोयस होय" म्हणाली, मग कढईत बघितलं. ती कढई पण आता माझी आहे.

जुन्या बेकिंग डिशमधे वाळू भरून उथळ बाजूला ठेवली. बुंदी आली, वास घेतला, एक पाय टाकला, मग धपकन कुशीवर पडून अशी लोळली की दोन बाजूंनी वाळू उडाली. आणि तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यात जाऊन शू.

२७ मार्च
आधी वैतागलो होतो पण हीच सगळ्यात भारी गोष्ट झालीये, आता ती शू फक्त वाळूतच करते. ओला कोपरा शोधायला बेडिंग उपसायचं काम संपलं. चमच्याने ओला गठ्ठा काढायचा, दोन मिनिटं. २० मिनिटांचं रूटीन ७ मिनिटांवर आलं.

राहिलेला वेळ मी नुसता हात आत ठेवून बसतो. पकडायचं नाही, वरून तर मुळीच नाही (वरून येणारी सावली म्हणजे घार), तळहात उघडा ठेवायचा आणि मोबाइल बघायचा. आज आली, मनगटापर्यंत चढली, घड्याळाचा पट्टा चावून बघितला, गेली.

३० मार्च, पाडवा
ऊन सुरू. टँकमधला थर्मामीटर दुपारी ३० दाखवतोय. यांना १८ ते २४ बरं वाटतं, आणि काचेच्या पेटीत उष्णता कोंडते हे टँक आणताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पश्चिमेच्या खोलीतून पॅसेजमधे हलवला, तिथे ऊन येत नाही.

९ एप्रिल, बुधवार
वजन १२६. पॅसेज २९. पंखा लावून काही उपयोग नाही, यांना घाम येत नाही, नुसता वारा लागून काय होणार. शहाबादी फरशीचा तुकडा मिळाला, धुऊन उथळ बाजूला टाकला. लगेच त्यावर पोट टेकून पसरली.

१७ एप्रिल
दुपारी साडेतीनला ऑफिसात आईचा फोन. "ती चपातीसारखी पडलीये."

थर्मामीटर बघायला सांगितला, ३२.५. लाइट गेली होती, म्हणजे पॅसेजचा कूलरही बंद. मी फोनवरून सांगतोय, आई करतेय: फ्रीझरमधली पाण्याची बाटली काढ, जुन्या मोज्यात घाल, फरशीवर ठेव, तिच्या अंगाला लावायची नाही, पाणी ओतायचं नाही, काकडीचा तुकडा तोंडाजवळ. आणि मग फोन चालूच ठेवून दोघंही गप्प. मला फोनमधून आमच्या घराचं घड्याळ ऐकू येत होतं. सात-आठ मिनिटांनी आई म्हणाली, "मान वर केली." मग, "बाटलीला टेकून बसली." मग एकदम खेकसली, "काकडी खातेय रे, तू जा काम कर."

मी पावणेबाराला घरी आलो तर आई टँकसमोर खुर्ची टाकून बसलेली.

१८ एप्रिल
बाटलीने बेडिंग ओलं झालंय, बर्फाचा घाम. म्हणून बाटली फक्त फरशीवर, खाली टिपकागद, दोन बाटल्या आलटून पालटून. लाल मातीची कुंडी आडवी ठेवलीये, सकाळी ती फ्रिजमधे जाते आणि दुपारी टँकमधे येते.

रूटीनमधली मोठी चूक कळली ती अशी की मी सगळं रात्री १२ ला बसवलं कारण ती जागी असते आणि मी घरी असतो, पण उन्हाळ्यात हिला गरज दुपारी १ ते ५ ची आणि तेव्हा मी हिंजवडीत. म्हणजे दुपारची पाळी आईची, तिला न विचारता. विचारलं. "बाटलीच ठेवायचीये ना, ठेवीन." पण एक्सेल ती उघडणार नाही. शीट बंद, टँकला दोरीने वही बांधली. पेनसकट.

२३ एप्रिल, बुधवार
वजन १२१. पाच ग्रॅमने कमी. उन्हाने खाणं कमी झालंय. पाणी मात्र पिते. बाटलीची नळी रोज बोटाने दाबून बघायची हे पण वहीत लिहिलं, कारण मधे एकदा नळीतली गोळी अडकली होती, बाटली भरलेली दिसत होती आणि पाणी येतच नव्हतं.

९ मे
चिपळूणला लग्न, चार दिवस. आईला गुडघ्यामुळे गाडी सोसत नाही, ती घरीच. बुंदी पूर्ण तिच्याकडे. वजनाचं शिकवलं, मग कसा ठेवायचा वगैरे. म्हणाली, "दोन पोरं वाढवली मी."

१३ मे
आलो. वहीतलं जसंच्या तसं उतरवतोय:

"९ तारीख. दुपारी बाटली ठेवली १ ला, बदलली ३ ला. रात्री ९ ला उठली. मी जेवत होते तर काचेला हात लावून उभी राहिली. दाणे टाकले.

१० तारीख. वास आला. तुझ्या कागदाप्रमाणे आज चौथा दिवस, म्हणून घाबरले नाही. पाण्याची गोळी बघितली, चालू आहे.

११ तारीख. हिने आज राळे आधी खाल्ले, ज्वारी ठेवून दिली. नीट धान्य होतं, तरी. लहानपणी तू पण भाताचं असंच करायचास. रात्री झोप येत नव्हती तर हात ठेवून बसले. चढली नाही. वास घेऊन गेली.

१२ तारीख. चढली."

एवढंच. विचारलं तर म्हणाली नखं टोचतात हिची.

१४ मे, बुधवार
वजन १३०.

२१ मे, बुधवार
वजन १३४. दोन दिवस वळवाचा पाऊस, टँकमधे २७. बाटल्या बंद. पण आता दुसरंच, दमट हवा, कोठारातले मूग काळे पडून बुरशी धरलेली. मोड आलेलं काहीही तिने साठवलं की सकाळपर्यंत वास. म्हणून ताजं फक्त रात्री, हातातूनच, खाऊन संपेपर्यंत समोर, उरलं तर काढून घ्यायचं. कोठार आठवड्यातून एकदा तपासायचं पण सगळं उपसायचं नाही, ओलं तेवढं उचलायचं आणि त्याच जागी तेवढंच सुकं धान्य ठेवायचं, नाहीतर ती रात्रभर चोर शोधत फिरते.

रूटीन सध्या असं चाललंय: सकाळी १० ला आई पाण्याची गोळी आणि थर्मामीटर बघते, कोणी तिला उठवत नाही. रात्री ९ ला आई ताजं देते. रात्री १२ ला मी वाळूतला गठ्ठा काढतो, धान्य भिरकावतो, हात ठेवून बसतो. बुधवारी वजन. बाथरूम कोरडं असलं तर रविवारी तिथे फिरणं, मोरीच्या जाळीवर पाट ठेवून आणि खाली बसून, कारण यांना उंचीचा अंदाज नसतो, दिवाणावर सोडली तर सरळ खाली चालत जाईल.

जूनमधे बेडिंगचा तिसरा हिस्सा बदलायचा आहे. भाची सुट्टीला येतेय, तिला खणायच्या बाजूला काचेतून बोगदे दाखवायचेत.

२६ मे, सोमवार
पाऊस. म्हणे या वर्षी लवकरच आला. ऑफिसवरून भिजून आलो, साडेबारा. वही उघडली आज चौथा दिवस लिहायला तर आधीच लिहिलेलं होतं, आईच्या अक्षरात, खाली वेळ रात्री ९:१०. आणि त्याच्या खाली: "काकडी संपली आहे, येताना आण."